खोटे मृत्युपत्र दाखल करून फेरफाराची मागणी : फौजदारी शिक्षा नेमकी कोणती, आणि ती कोणाकोणाला होऊ शकते?

मांजराकाठ

नमस्कार. लातूर जिल्ह्यातील एका गावात माझ्या वडिलांच्या नावे शेतजमीन आहे. गेल्या वर्षी त्यांचे निधन झाले. आई त्यांच्या आधीच गेली असून आम्ही दोघी बहिणी हेच त्यांचे वारस आहोत. वारसफेरासाठी अर्ज देण्याची आमची तयारी चालू असतानाच गावातील एका परिचिताने चावडीवर लागलेल्या नोटिशीचे छायाचित्र पाठवले. आमच्या चुलत भावाने वडिलांचे मृत्युपत्र हजर करून जमीन स्वतःच्या नावे करण्याची मागणी केली आहे, हे आम्हाला त्यावरून समजले.

हे मृत्युपत्र मुद्रांकावर लिहून नोटरी केलेले आहे. त्यावर मार्च २०२३ ची तारीख असून वडिलांचा म्हणून अंगठा उमटवलेला आहे. वडील शिकलेले होते. बँकेत, सोसायटीत आणि ग्रामपंचायतीत त्यांनी आयुष्यभर सहीच केली. मृत्युपत्राच्या सोबत २०२५ साली केलेले एक शपथपत्र जोडलेले आहे आणि त्यात मयतास मुलगी किंवा अन्य कोणी वारस नाही असे स्पष्ट लिहिले आहे. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा हा दिवाणी स्वरूपाचा वाद असून कोर्टात जावे, असे सांगण्यात आले. असे कागद तयार करणे आणि सरकारी कार्यालयात दाखल करणे हा गुन्हा आहे की नाही, असल्यास त्याला शिक्षा काय, आणि सही करणारे साक्षीदार त्यातून सुटतात का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त_मंडळ_अधिकारी

ताई, शिक्षेचा विचार आवश्यक आहे, परंतु त्याआधी हरकत नोंदवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोंद चावडीवर प्रसिद्ध होते, हितसंबंधितांना नोटीस काढली जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. या मुदतीत लेखी हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त ठरते, गाव नमुना ६-अ मध्ये (विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत) त्याची नोंद होते आणि दोन्ही बाजूंना ऐकून घेतल्याशिवाय नोंद प्रमाणित करता येत नाही. हरकत हाती देऊन पोच घ्या. अर्जासोबत वडिलांचा मृत्यूचा दाखला, शिधापत्रिकेची जुनी प्रत, तुम्हा दोघींचे शाळा सोडल्याचे दाखले आणि वडिलांची सही असलेले दोन-चार जुने कागद जोडा.

दुसरी गोष्ट मी नोकरीतील अनुभवावरून सांगतो. हरकत आल्याचे कळताच अशी माणसे पुष्कळदा अर्ज मागे घेतात आणि मूळ कागद परत मागतात. मूळ मृत्युपत्र एकदा कार्यालयाबाहेर गेले की ते पुन्हा डोळ्यांना दिसत नाही, आणि पुढे तपासात केवळ छायाप्रतीवरून हस्ताक्षराचे किंवा ठशाचे मत देणे तज्ज्ञालाही अवघड जाते. म्हणून हरकतीच्या अर्जातच लिहा की हा दस्तऐवज बनावट असल्याची आमची तक्रार आहे, फौजदारी कार्यवाही करावयाची आहे, सबब मूळ कागद संचिकेत राखून ठेवावा आणि अर्ज निकाली निघेपर्यंत अर्जदारास परत देऊ नये. मृत्युपत्र व शपथपत्र या दोन्हींच्या प्रमाणित प्रती आजच मागा. फोनवरच्या छायाचित्राने पुढचे काम भागणार नाही.

फौजदारी_वकिली

वर दिलेला सल्ला अगदी योग्य आहे. आता गुन्ह्याकडे येऊ.

अशा प्रकरणात कोणते कलम लागेल हे खोटेपणा नेमका कोठे आणि केव्हा झाला यावर ठरते. तुमच्या प्रकरणात तीन वेगवेगळ्या कृती आहेत आणि त्या तक्रारीतही वेगवेगळ्या मांडाव्या लागतील. पहिली म्हणजे बनावट मृत्युपत्र तयार करणे, दुसरी ते खरे म्हणून वापरणे, आणि तिसरी वारस नसल्याचे खोटे शपथपत्र करणे.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंड संहिताच लागू राहते. मृत्युपत्र खरोखर मार्च २०२३ मध्ये बनवले असेल तर ते बनवण्याच्या कृतीला दंड संहितेचे कलम ४६७ लागेल. ते वडिलांच्या निधनानंतर, १ जुलै २०२४ किंवा त्यापुढे बनवून त्यावर मागची तारीख टाकली असेल तर न्याय संहितेचे कलम ३३८ लागेल. दोन्ही कलमांत मृत्युपत्राचा उल्लेख नावानिशी आहे, आणि शिक्षा जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी आहे. फसवणुकीच्या उद्देशाने केलेल्या बनावटीकरणाला जुने कलम ४६८ आणि नवे ३३६ (३) असून त्यात ७ वर्षांपर्यंत कारावास आहे. बनावट असल्याचे माहीत असून कागद खरा म्हणून वापरणाऱ्यास जुन्या कलम ४७१ खाली किंवा नव्या ३४० (२) खाली तो कागद स्वतः बनवल्याप्रमाणेच शिक्षा होते. फेरफाराचा अर्ज २०२५ मध्ये दाखल झाला असल्याने ‘वापर’ या गुन्ह्याला नवे कलम लागेल. तुमच्या चुलत भावाने मृत्युपत्र स्वतः लिहिले नाही असा बचाव घेतला, तरी या कलमाखालील जबाबदारी त्याच्यावर राहते, कारण कागद हजर करणारा तोच आहे.

वडिलांच्या अंगठ्याखाली साक्षीदार म्हणून सही करणारे सुटत नाहीत. त्यांनी त्या दिवशी त्या ठिकाणी वडिलांना अंगठा उमटवताना पाहिले असे लिहून दिलेले आहे. ते असत्य ठरले तर कट आणि समान उद्देश या तत्त्वांनी तेही आरोपी होतात.

शपथपत्राची बाब वेगळी आहे. लोकसेवकासमोर पुरावा म्हणून देता येणाऱ्या प्रतिज्ञेत खोटे विधान करणे हे न्याय संहितेच्या कलम २३६ खाली खोटा पुरावा देण्याइतकेच शिक्षापात्र आहे. न्यायिक कार्यवाहीत खोटा पुरावा दिल्यास ७ वर्षांपर्यंत व १०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि अन्य प्रसंगी ३ वर्षांपर्यंत व ५,००० रुपयांपर्यंत दंड, अशी कलम २२९ मधील तरतूद आहे. लोकसेवकाला खोटी माहिती देऊन त्याच्याकडून एखादी कृती करवून घेण्याचा गुन्हा कलम २१७ मध्ये आहे आणि त्यात १ वर्षापर्यंत कारावास आहे. मात्र या शेवटच्या कलमासाठी तक्रार त्या लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने करावी लागते. म्हणूनच हरकत देताना, शपथपत्र खोटे आढळल्यास तहसीलदारांनी स्वतः तक्रार दाखल करावी, अशी विनंती त्यांना करून ठेवणे उपयोगी पडते.

पोलिसांनी ‘दिवाणी वाद’ म्हणून परत पाठवण्याचे एक कारण कायद्याच्या अनुसूचीतही आहे. मृत्युपत्राच्या बनावटीकरणाचे कलम ३३८ अजामीनपात्र असले तरी सर्वसाधारणपणे अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही, हे पुष्कळांना आश्चर्यकारक वाटते. परंतु ३३६ (३) दखलपात्र आहे, आणि एका प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी सगळे प्रकरण दखलपात्र मानले जाते. तेव्हा तक्रारीत फसवणुकीचा उद्देश स्पष्टपणे मांडला गेला पाहिजे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ठरवले आहे. कौटुंबिक स्वरूपाच्या वादात आधी प्राथमिक चौकशी करण्याची मुभा त्याच निकालात आहे, पण चौकशीची मुभा म्हणजे दार बंद करण्याची मुभा नव्हे. ठाण्यात नकार मिळाल्यास तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवावी, आणि त्यानंतरही कार्यवाही न झाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७५ (३) खाली शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. हा क्रम पाळला नाही तर अर्ज तेवढ्याच कारणावरून नामंजूर होतो.

दस्तलेखक_जालना

मी अनेक वर्षे दस्तलेखनाचे काम करतो, म्हणून कागदाविषयी लिहितो. ताई, मृत्युपत्राच्या मुद्रांकाची मागील बाजू पाहा. तिथे विक्रेत्याचा शिक्का, विक्रीची तारीख, नोंदवहीतील अनुक्रमांक, घेणाऱ्याचे नाव आणि कारण लिहिलेले असते. मुद्रांक कोणाच्या नावे घेतला, घेताना सही कोणी केली, हे विक्रेत्याच्या नोंदवहीत सापडते. कोणत्या क्रमांकाचे मुद्रांक कोणत्या विक्रेत्याला केव्हा दिले याची नोंद कोषागारात असते. कागदावर २०२३ ची तारीख असेल आणि त्या क्रमांकाचा मुद्रांक कोषागारातून त्यानंतर बाहेर पडला असेल, तर मागची तारीख टाकली हे सिद्ध करण्यास दुसरा पुरावा क्वचितच लागतो. नोटरीकडेही नोंदवही असते. त्या दिवशी त्या अनुक्रमांकावर कोणता दस्त आहे आणि तिथे अंगठा कोणाचा आहे, हे तपास अधिकाऱ्याला पाहता येते.

अंगठ्याचा ठसा ही तुमची जमेची बाजू आहे. हस्ताक्षराच्या मतावर वाद होतात. ठसे जुळतात किंवा जुळत नाहीत, त्याबाबत संदिग्धता पुष्कळ कमी असते. प्रश्न एवढाच येतो की मयताचा खरा ठसा कोठून आणायचा. आधारमधील बोटांचे ठसे कायद्यानेच कोणाला देता येत नाहीत, म्हणून त्या वाटेने जाऊ नका. वडिलांनी पूर्वी एखादे खरेदीखत, गहाणखत किंवा वाटणीपत्र नोंदवले असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात त्यांच्या सहीबरोबर ठसाही मिळेल.

येथे एक सर्वसाधारण माहिती देतो. दस्त नोंदणीकृत असता आणि दुय्यम निबंधकासमोर दुसराच माणूस वडील म्हणून उभा केला असता, तर नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम ८२ लागले असते. निबंधकासमोर खोटे विधान करणे, तोतयेगिरी करणे किंवा त्यास मदत करणे यासाठी त्यात ७ वर्षांपर्यंत कारावास आहे. ओळख पटवणारे म्हणून सही करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. कार्यालयाच्या आवारात अनोळखी माणसाला ‘मी यांना ओळखतो’ अशी सही देणारे मी पाहिले आहेत, आणि आपण काय लिहून दिले याची जाणीव त्यांना समन्स आल्यावर होते.

गोदाकाठ

आमचे प्रकरण थोडे वेगळे आहे. परभणी जिल्ह्यात आमची सामाईक जमीन असून सातबारावर थोरल्या भावाचे एकट्याचे नाव होते. त्याने आमच्या हिश्श्यासह सगळी जमीन नोंदणीकृत खरेदीखताने विकली. जमीन आपल्या एकट्याच्या मालकीची असल्याचे त्याने खरेदीखतात लिहिले आहे. म्हणजे दस्तात खोटे विधान आहेच. तर बनावट दस्ताचा गुन्हा दाखल होऊ शकतो का?

फौजदारी_वकिली

दादा, तुमचा राग रास्त आहे, परंतु येथे सावध राहणे आवश्यक आहे. मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक स्पष्ट केला आहे. जो माणूस स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने दस्त करून देतो आणि त्यात जमीन आपली असल्याचा खोटा दावा करतो, तो कायद्याच्या अर्थाने ‘खोटा दस्तऐवज’ बनवत नाही. त्याने दुसऱ्या कोणाची सही केलेली नाही आणि दुसऱ्या कोणाचा अधिकार आपल्याकडे असल्याचेही भासवलेले नाही. म्हणून त्यावर बनावटीकरणाचे कलम टिकत नाही. फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो, पण फसवला गेला तो खरेदीदार, कारण पैसे त्याने दिले. जमीन आपली आहे म्हणणाऱ्या तिसऱ्या माणसाची त्या दस्ताने फसवणूक होत नाही असे न्यायालयाने म्हटले, आणि तेच तुम्हाला लागू पडते. तुमचा मार्ग दिवाणी न्यायालयातील वाटणीचा आणि तो दस्त तुमच्या हिश्श्यापुरता बंधनकारक नाही असे ठरवून घेण्याचा आहे. हाच थोरला भाऊ तुमच्या नावाचे खोटे कुलमुखत्यारपत्र दाखवून सही करता, तर चित्र पूर्ण बदलले असते.

हे सांगण्याचे कारण असे की आपल्याकडे जमिनीच्या प्रत्येक वादात ४२०, ४६७, ४६८, ४७१ हे आकडे एका दमात लिहून देण्याची पद्धत पडली आहे. ज्या प्रकरणात बनावटीकरण झालेलेच नाही तिथे ही कलमे लावली की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गुन्हा रद्द होतो, आणि मग खऱ्या तक्रारीलाही संशयाने पाहिले जाते. मांजराकाठ ताईंसारख्या माणसांना ठाण्यातून परत पाठवले जाते त्यामागे अशा तक्रारींचाही वाटा आहे.

जुने_दप्तर

मराठवाड्यातील एका विशेष प्रकाराकडे लक्ष वेधतो, कारण येथे खोट्या दाव्यांचा मोठा भाग निजाम काळातील कागदांच्या आधारे येतो. इनाम जमिनींसंबंधी मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेले इनाम) आणि खिदमतमाश (सेवेबद्दल दिलेले इनाम), त्यांचे मुंतखब (इनामाचे हक्क मान्य करणारे आदेश), सनदा, सेतवार (जमिनींच्या मोजणीची नोंदवही), आणि पन्नासच्या दशकातील खासरा पाहणी पत्रके ही आपल्या भागातील मालकीची मूळ साधने आहेत. त्यातील बरीच उर्दूत असल्याने आजच्या पिढीला, आणि पुष्कळदा कर्मचाऱ्यांनाही, वाचता येत नाहीत. कागद वाचता येत नाही तिथे भाषांतर सांगेल ते खरे मानले जाते. नोंदणी कार्यालयात जाणूनबुजून खोटे भाषांतर किंवा खोटी नक्कल देणे हेसुद्धा वर सांगितलेल्या कलम ८२ मध्ये येते, हे लक्षात ठेवावे.

३० वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून हजर झाला तर त्यावरील सही खरी असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. याचाच लाभ घेण्यासाठी कागद मुद्दाम जुना केला जातो. परंतु हे गृहीतक खोडून काढता येते, आणि कित्येकदा कागद स्वतःच आपल्याविरुद्ध साक्ष देतो. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला आणि त्यापूर्वी तो भाग उस्मानाबाद जिल्ह्यात होता. तेव्हा १९७५ च्या म्हणून दाखवलेल्या वाटणीपत्रात ‘जिल्हा लातूर’ लिहिलेले असेल तर तिथेच थांबून विचार करावा. जालना १ मे १९८१ रोजी आणि हिंगोली १ मे १९९९ रोजी जिल्हा झाला. चाळीसच्या दशकातील कागदात क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असणे शक्य नाही, तेव्हा एकर-गुंठेच होते. गावात एकत्रीकरण योजना (विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडण्याची योजना) लागू होण्यापूर्वीच्या कागदात सर्व्हे नंबरऐवजी गट नंबर आला तर तोही तसाच पुरावा आहे. निजाम काळातील दस्तात फसली सन असतो. त्यात सुमारे ५९० मिळवले की इसवी सन येतो, आणि कागदावर दोन्ही सन लिहिलेले असतील तर ते एकमेकांशी जुळतात का हे पाहता येते. ‘धाराशिव’ किंवा ‘संभाजीनगर’ या नावांवरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. अधिकृत नामांतर २०२३ चे असले तरी लोकव्यवहारात ही नावे कितीतरी आधीपासून होती.

मुंतखबाची सत्यता पाहण्यासाठी हैदराबादच्या तारनाका येथील राज्य अभिलेखागारात जुने दप्तर आहे. तेथील प्रमाणित नक्कल आणि समोरच्याने हजर केलेला कागद शेजारी ठेवणे, हा मला माहीत असलेला सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

प्रकल्पांसाठी भूसंपादन जाहीर झाले की असे कागद अचानक बाहेर येतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली संपादन असेल तर खोटी माहिती किंवा खोटा दस्तऐवज देणाऱ्यास कलम ८४ प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि फसवून घेतलेला पुनर्वसनाचा लाभ वसूल करता येतो.

मांजराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. हरकत दाखल करून पोच घेतली आहे आणि मूळ कागद संचिकेत ठेवण्याची विनंतीही लेखी केली आहे. मुद्रांकाच्या मागे घेणाऱ्याचे नाव वडिलांचे नसून साक्षीदारांपैकी एकाचे आहे, हे प्रमाणित प्रत हाती आल्यावर दिसले.

आता गावातून निरोप येऊ लागले आहेत. घरातली गोष्ट घरात मिटवावी, तक्रार करू नये, तो अर्ज मागे घेईल, असे वडीलधारी मंडळी सांगत आहेत. त्याने अर्ज मागे घेतला तर गुन्हा संपतो का? आणि पुढे तक्रार करून नंतर समेट झाला तर ती मागे घेता येते का? तसेच वर लिहिलेली जन्मठेप खरोखर होते का, हेही जाणून घ्यायचे आहे, कारण आम्हाला त्याचा संसार उद्ध्वस्त करायचा नाही, पण जमीन आणि आमचे नाव दोन्ही पुसू द्यायचे नाही.

फौजदारी_वकिली

ताई, अर्ज मागे घेतल्याने गुन्हा संपत नाही. बनावट कागद खरा म्हणून सरकारी कार्यालयात दाखल झाला त्या क्षणी वापराचा गुन्हा पूर्ण झाला. लाभ मिळाला की नाही हा त्यातला आवश्यक घटक नाही.

शिक्षेविषयी वस्तुस्थिती सांगतो. पुस्तकात जन्मठेप आहे हे खरे, परंतु हे खटले प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात आणि त्यांना ३ वर्षांपेक्षा अधिक कारावास देण्याचा अधिकार नाही. अधिक शिक्षा योग्य वाटल्यास ते प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात, आणि त्यांची मर्यादा ७ वर्षांची आहे. त्यामुळे जन्मठेपेची भीती घालणारे आणि ‘काहीच होत नाही’ म्हणणारे, दोघेही तुम्हाला चुकीचे सांगतात.

समेटाबाबत कायदा फसवणूक आणि बनावटीकरण यांत भेद करतो. फसवणुकीच्या गुन्ह्यात न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होते. बनावटीकरणाचे गुन्हे तडजोडयोग्य नाहीत, त्यामुळे दोन्ही पक्ष राजी असले तरी न्यायदंडाधिकारी ते मिटवू शकत नाहीत. त्यासाठी उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो, आणि वाद मुख्यतः खाजगी स्वरूपाचा असल्यास ग्यानसिंग प्रकरणातील २०१२ च्या निकालानुसार उच्च न्यायालय तसे करू शकते. तेव्हा तक्रार करण्यापूर्वी नीट विचार करा, कारण केलेली तक्रार केवळ तुमच्या शब्दाने परत घेता येत नाही.

समेटच करायचा असेल तर तोंडी निरोपावर विसंबू नका. मृत्युपत्र खरे नसून त्याच्या आधारे आपला कोणताही हक्क नाही, असे त्याने फेरफाराच्या संचिकेत लेखी जबाबात नमूद करावे, आणि तुम्हा दोघींची वारसनोंद प्रमाणित होईपर्यंत मूळ कागद तिथून हलू नये. तो असा जबाब देण्यास तयार नसेल, तर समेटाची भाषा केवळ कागद परत मिळवण्यासाठी आहे असे समजून चाला.

आणखी एक महत्त्वाचे. फौजदारी न्यायालयाने त्याला दोषी ठरवले तरी तेवढ्याने मृत्युपत्र रद्द होत नाही आणि मालकीही ठरत नाही. त्यासाठी दिवाणी दावाच लागतो. कागदाची माहिती झाल्यापासून ३ वर्षांच्या आत तो दाखल करावा लागतो. उद्या त्यानेच मृत्युपत्राच्या आधारे दावा आणला, तर न्यायालयात अप्रामाणिकपणे खोटा दावा केल्याचे न्याय संहितेतील कलम २४६ त्याला लागू शकेल, पण ती तक्रार त्या न्यायालयानेच करावी लागते. तुमची बनावटीकरणाची तक्रार मात्र तेव्हाही थांबत नाही. इक्बालसिंग मारवाह या २००५ च्या प्रकरणातही वाद मृत्युपत्राचाच होता, आणि कागद न्यायालयात येण्यापूर्वी बाहेर बनावट झाला असेल तर न्यायालयाच्या तक्रारीची अट लागू होत नाही, असे घटनापीठाने ठरवले आहे.

निवृत्त_मंडळ_अधिकारी

यात एकच भर घालतो. विवादग्रस्त प्रकरणात निकाल तुमच्या विरुद्ध गेला तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली ६० दिवसांत अपील करता येते. आदेशाची प्रत मिळाल्याची तारीख त्याच दिवशी प्रतीवर लिहून सही घ्या. आणि सुनावणीच्या दिवशी दोघी बहिणी स्वतः हजर राहा. मयतास मुलगी नाही असे शपथेवर लिहिलेल्या संचिकेत दोन मुलींचे जबाब ओळखपत्रांसह लागले की त्या शपथपत्राच्या खोटेपणाचा पहिला अधिकृत पुरावा तिथेच तयार होतो.